मामांचं जीपीएस: मोजक्या पैशांतल्या एका निवडीची पूर्ण हकिकत

२०१८ सरता सरता मामांचा फोन आला. नातीबरोबर जिओकॅशिंग, म्हणजे जीपीएसच्या आधाराने लपवलेल्या डब्या शोधायचा खेळ, सुरू करून त्यांना चार महिने झाले होते आणि आता त्यासाठी वेगळं जीपीएस यंत्र घ्यायचं त्यांनी ठरवलं होतं. "रक्कम ठरलेली आहे," ते म्हणाले, "तिच्यापुढे एक छदामही जाणार नाही. तेवढ्यात सगळ्यात अचूक कुठलं मिळेल, एवढंच सांग."

हा प्रश्न मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं, आणि पूर्वी मी लगेच एखाद्या मॉडेलचं नाव सांगून मोकळा व्हायचो. या वेळी तसं केलं नाही. सहा आठवडे मागून घेतले, ओळखीच्यांकडून यंत्रं उसनी आणली, मामांना आणि नातीला घेऊन प्रत्यक्ष शोधायला गेलो. त्यातून मला एक गोष्ट पक्की कळली: पैसे कमी असताना अचूकतेच्या मागे लागलं, तर ते नेमके नको तिथे खर्च होतात. ते कसं, हे या एका प्रकरणातून सविस्तर लिहितो आहे.

माणसं आणि त्यांची गरज

मामा निवृत्त, तेव्हा वय ६४. चालायला खणखणीत, पण वाचायला चष्मा लागतो. नात दहा वर्षांची. यंत्र बहुतेक वेळ तिच्याच हातात राहणार हे उघड होतं. महिन्यातून दोनदा दोघं दोन-दोन दिवस भटकायला जातात, रात्री तंबूत राहतात, आणि मधे कुठे चार्जिंगची सोय नसते. घरी एक जुना पण चालू लॅपटॉप आहे. शोधायच्या डब्या बऱ्याचशा झाडीतल्या आणि टेकड्यांवरच्या, थोड्या शहरातल्या. कठीणपणा आणि वाट या दोन्हींना जे एक ते पाच तारे देतात, त्यांतल्या अडीच ताऱ्यांपर्यंतच ते जातात.

ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कुणीतरी एक बंद डबी लपवतं, तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करतं, बाकीचे ती शोधतात, आतल्या चिठ्ठीवर नाव लिहितात आणि डबी होती तिथेच परत ठेवतात. डबी बोटाच्या पेराएवढी असते, नाहीतर डब्बा बादलीएवढा.

चार महिने दोघांनी मामांच्या फोनवरच काम भागवलं होतं. मी सगळ्यात आधी त्यांना हेच म्हटलं की फोन पुरेसा असेल तर यंत्र घेऊच नका. मी हे मनापासून सांगत होतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याला फोनपेक्षा स्वस्त काहीच नाही, कारण तो आधीच खिशात असतो. पण मामांची अडचण खरी होती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फोन मान टाकायचा, आणि संकटात कुणाला बोलवायचं तर तोच एक आधार. शिवाय खडकाळ वाटेवर तो फोन दहा वर्षांच्या मुलीच्या हातात द्यायला त्यांचं मन धजत नव्हतं. एवढी कारणं मला पुरली.

अचूकतेचं गणित

आता त्या 'सगळ्यात अचूक'कडे येतो.

हा खेळ जन्मलाच मुळी अचूकता एकदम वाढल्यामुळे. २००० सालापर्यंत अमेरिकेचं सरकार नागरी वापराच्या जीपीएस संकेतांत मुद्दाम चूक घालत असे. जागा शंभर मीटरपर्यंत इकडे-तिकडे दाखवली जायची. २ मे २००० रोजी ती चूक घालणं बंद झालं. दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर यांनी ओरेगॉन राज्यातल्या बीव्हरक्रीकजवळ एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. शंभर मीटरच्या घेऱ्यात बादली शोधणं वेडेपणा ठरला असता; दहा-वीस मीटरच्या घेऱ्यात तो खेळ झाला.

तेव्हापासून यंत्रं सुधारत गेली आणि आता साध्यातलं साधं यंत्रही उघड्या आकाशाखाली पाच मीटरच्या आसपास असतं. फोनचंही तसंच: मोकळ्या जागी साधारण ४.९ मीटर. मग महाग यंत्र तीन मीटरवर आणून सोडत असेल, तर फायदा किती?

इथे एक गोष्ट सहसा विसरली जाते. डबीचे आकडे ज्याने घेतले, त्याच्या यंत्रातही चूक होती. समजा त्याची चूक पाच मीटर आणि तुमची पाच. दोन्ही चुका एकमेकींपासून स्वतंत्र, म्हणून त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यायचं: सुमारे ७ मीटर. आता तुम्ही जास्त पैसे मोजून तीन मीटरवालं यंत्र आणलंत. लपवणाऱ्याची चूक तुम्हाला कमी करता येत नाही, ती पाचच राहते. एकत्र चूक ५.८ मीटर. म्हणजे जास्तीच्या पैशांत तुम्ही जेमतेम सव्वा मीटर विकत घेतलात. शिवाय या खेळात आकडे अंश आणि दशांश मिनिटं अशा रूपात, मिनिटाच्या तिसऱ्या दशांशापर्यंत लिहितात. मिनिटाचा हजारावा भाग अक्षांशात १.८५ मीटर होतो. ज्या आकड्याची पायरीच जवळजवळ दोन मीटरची, त्यात सेंटिमीटर शोधून काय मिळणार?

हे सगळं मी मामांना कागदावर मांडून दाखवलं. आयुष्यभर हिशेबाचं काम केलेला माणूस, त्यांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "मग पैसे कशासाठी द्यायचे?"

खरा प्रश्न हाच होता.

समोर असलेले पर्याय

नव्या यंत्रांत तेव्हा गार्मिन कंपनीच्या ईट्रेक्स मालिकेतली तीन आमच्या विचारात होती. ईट्रेक्स १०: २.२ इंची कृष्णधवल पडदा, मेमरी कार्डाची जागा नाही, म्हणण्यासारखा नकाशा नाही, आत चुंबकीय होकायंत्र नाही. ईट्रेक्स २०एक्स: तेवढाच पण रंगीत आणि अधिक स्पष्ट पडदा, ३.७ जीबी साठवण, कार्डाची जागा, म्हणजे ओपनस्ट्रीटमॅपचे, लोकांनी मिळून बनवलेले, फुकट नकाशे घालायची सोय. होकायंत्र मात्र यातही नाही. ईट्रेक्स ३०एक्स: २०एक्समधलं सगळं, वर तीन अक्षांचं इलेक्ट्रॉनिक होकायंत्र आणि हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक. तिन्ही दोन पेन्सिल सेलवर चालणारी, तिन्ही आयपीएक्स७, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारी. तिन्ही अमेरिकेच्या जीपीएसबरोबर रशियाच्या ग्लोनासचे उपग्रहही पकडतात.

३०एक्स मामांच्या रकमेबाहेर होतं. २०एक्स घेतलं तर रक्कम तिथेच संपत होती. ईट्रेक्स १० घेतलं तर जवळपास निम्मी उरत होती.

चौथा पर्याय वापरलेल्या यंत्राचा. ओळखीचे एक गृहस्थ आपलं जुनं यंत्र काढत होते. बारा वर्षांचं, पण त्या काळातलं वरच्या श्रेणीचं: डोक्यावर खुंटासारखी अँटेना, रंगीत पडदा, होकायंत्र, उंचीमापक, कार्डाची जागा. किंमत ईट्रेक्स १० आणि २०एक्स यांच्या मधली. सुरुवातीला माझा कल याच्याकडे होता, हे सांगायला हवं. जुनी दणकट यंत्रं मला आवडतात, आणि अशाच एका यंत्रावर मी स्वतः हा खेळ शिकलो.

प्रत्यक्ष पडताळणी

यंत्र तपासताना नवी डबी शोधायला जाऊ नये. सापडली नाही तर दोष यंत्राचा, आकड्यांचा की आपल्या डोळ्यांचा, हे कळत नाही. म्हणून मी पूर्वी शोधलेल्या तीन डब्या निवडल्या: एक मोकळ्या माळावर, एक दाट झाडीत, एक उंच इमारतींच्या मधे. जागा मला माहीत होत्या, मामांना आणि नातीला नव्हत्या. बरोबर ईट्रेक्स १०, २०एक्स, ते जुनं यंत्र आणि मामांचा फोन.

निघण्यापूर्वी चारही यंत्रं मोकळ्यावर चालू करून पंधरा मिनिटं ठेवली. यात घाई करू नये, विशेषतः जुन्या यंत्राच्या बाबतीत. महिनोन् महिने बंद असलेल्या यंत्राकडे उपग्रहांची माहिती शिळी असते. सगळ्या उपग्रहांचं पंचांग हवेतून पूर्ण उतरायलाच साडेबारा मिनिटं लागतात. विक्रेत्याच्या दारात दोन मिनिटं पाहून 'याला उपग्रह सापडत नाहीत' असं ठरवणं अन्याय आहे. त्याच दोन मिनिटांत 'उत्तम आहे' म्हणणं तर त्याहून घातक.

धरण्याची पद्धतही वेगळी असते. खुंटाची अँटेना असलेलं यंत्र उभं धरायचं, आत चपटी अँटेना असलेलं आडवं, आकाशाकडे तोंड करून. नात सगळी उभीच धरत होती, फोनसारखी. सांगितल्यावर दोन मिनिटांत जमलं.

माळावर चारही यंत्रांनी डबीपासून चार-सहा पावलांवर आणून सोडलं. फरक असा काही नाहीच.

झाडीत सगळ्यांचे आकडे हलायला लागले. जुन्या यंत्राची अँटेना इथे कमाल करेल अशी माझी अपेक्षा होती. केली नाही. वाईट नव्हतं, पण त्याहून स्वस्त ईट्रेक्स १० पेक्षा ठळक चांगलंही नव्हतं. बारा वर्षांपूर्वी हा फरक मोठा होता. मधल्या काळात साध्या यंत्रांतल्या चिप सुधारल्या आणि तो भरून निघाला. मला याचं थोडं वाईट वाटलं, पण जे दिसलं ते असं.

इमारतींमधे सगळ्यांचीच दैना. भिंतींवरून परतून आलेला संकेत लांबचा रस्ता कापून येतो आणि यंत्र जागा चुकीची मोजते. उभं राहिलं तरी बाण फिरत होता, अंतर तीसवरून आठवर, आठवरून पंचवीसवर. इथे एकच गोष्ट उपयोगी पडली: डबीच्या मालकाने लिहिलेला इशारा.

आणि इशाऱ्यापाशीच निर्णयाचं पारडं झुकलं. जुन्या यंत्राच्या पिढीत डबी म्हणजे नकाशावरचा एक बिंदू, बस. नाव आणि आकडे दिसतात; वर्णन, इशारा, आधी येऊन गेलेल्यांच्या नोंदी दिसत नाहीत. तिन्ही नव्या ईट्रेक्समध्ये डब्यांची माहिती असलेली जीपीएक्स फाइल टाकली की हे सगळं यंत्रातच वाचता येतं. खेळाडू याला 'पेपरलेस' म्हणतात. मामा जुनं यंत्र हातात धरून उभे होते. इशारा पाहायला त्यांनी खिशातून चष्मा काढला, फोन काढला, उन्हात पडदा दिसेना म्हणून ओंजळीची सावली केली, ओल्या बोटाने फोन उघडेना. तेवढ्यात नातीने ईट्रेक्स १० वरून इशारा मोठ्याने वाचून टाकला. "आजोबा, लोखंडाला चिकटलंय, असं लिहिलंय." दुसऱ्या मिनिटाला चुंबकाची डबी हातात होती.

त्या पडद्यावर वाचणं सुखाचं आहे असं मात्र समजू नका. १२८ बाय १६० ठिपक्यांच्या पडद्यावर ओळीला जेमतेम तीन-चार शब्द मावतात, आणि लांब वर्णन असेल तर छोटी काठी खाली दाबत दाबत अंगठा दुखतो. पण ऊन जितकं कडक तितका तो पडदा स्वच्छ दिसतो, आणि मामांना चष्म्याशिवाय बाण आणि अंतर दिसत होतं.

जुन्या यंत्राबद्दल आणखी दोन गोष्टी. सेलच्या झाकणाखालची रबरी पट्टी चिरलेली होती, म्हणजे पाण्यापासून संरक्षणाची हमी संपलेली. आणि आधीच्या मालकाने आकड्यांचा साचा अंश-मिनिट-सेकंद असा ठेवला होता. काही डब्या टप्प्याटप्प्याने शोधायच्या असतात; अशा एका डबीच्या दुसऱ्या टप्प्याचे आकडे मामांनी हाताने भरले, २४.३५० मिनिटं, यंत्राने ती २४ मिनिटं ३५.० सेकंद अशी घेतली. फरक ०.२३३ मिनिटांचा, म्हणजे ४३० मीटरच्या वर. बाण आम्हाला भलत्याच रस्त्याने घेऊन निघाला. हा दोष यंत्राचा नव्हे, पण वापरलेलं यंत्र घेतलं की पहिलं काम सगळ्या सेटिंग मूळ स्थितीला आणणं, एवढं यातून लक्षात ठेवावं. डब्ल्यूजीएस ८४ हा डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायची संदर्भ चौकटही तेव्हाच तपासावी.

तिसरी अडचण कॅलेंडरची होती. जीपीएसच्या मूळ संकेतात आठवड्यांची मोजणी दहा बिटांत होते. १०२४ आठवडे भरले की आकडा परत शून्यावर जातो. असं ऑगस्ट १९९९ मध्ये एकदा झालं होतं आणि पुढची वेळ ६ एप्रिल २०१९ ची होती, आमच्या खरेदीनंतर काही महिन्यांनीच. नवी यंत्रं त्यासाठी तयार होती. बारा वर्षांच्या यंत्राचं अंतर्गत सॉफ्टवेअर शेवटचं कधी बदललं, हे त्याच्या मालकाला आठवत नव्हतं.

पैसे कुठे गेले

मामांना २०एक्सचा रंगीत नकाशा फार आवडला होता. मीही त्याच्या विरोधात नव्हतो. पण २०एक्स घेऊन हातात काही उरत नव्हतं, आणि यंत्राच्या किमतीत न धरलेले खर्च मी एकेक करून लिहून काढले होते.

पहिला सदस्यत्वाचा. 'पेपरलेस'साठी लागणारी पूर्ण जीपीएक्स फाइल या खेळाच्या सगळ्यात मोठ्या संकेतस्थळावर, जिओकॅशिंग डॉट कॉमवर, पैसे भरलेल्या सदस्यांनाच मिळते. एका मागणीत हजारपर्यंत डब्या उतरवता येतात. ओपनकॅशिंगसारख्या खुल्या संकेतस्थळांवर ती फुकट मिळते, पण मामांच्या भागातल्या बहुतेक डब्या पहिल्याच ठिकाणी नोंदलेल्या होत्या. म्हणजे ज्या सोयीसाठी यंत्र घ्यायचं, तिचंच वर्षाला वेगळं भाडं. मला वाटतं, कमी पैशांत यंत्र घेणाऱ्याने सगळ्यात आधी हा आकडा धरायला हवा, आणि हाच सगळ्यात जास्त वेळा राहून जातो.

दुसरा सेलचा. दोन दिवसांची भटकंती साध्या सेलवर करायची तर दरवेळी नवे घ्या, जुने टाका. पुन्हा भरता येणारे, पडून राहिले तरी चार्ज न गमावणारे निकेल-मेटल हायड्राइडचे चार सेल आणि बरा चार्जर एकदाच घेतला की वर्षानुवर्षं चिंता नाही. ईट्रेक्स १० एका जोडीवर वीस तास तरी चालतं असं माहितीपत्रक सांगतं. एक जोडी यंत्रात, एक खिशात, म्हणजे दोन दिवस आरामात.

तिसरा होकायंत्राचा. यावर जरा थांबतो.

ज्या यंत्रात चुंबकीय होकायंत्र नसतं, त्याला आपलं तोंड कुठे आहे हे कळत नाही. आपण कुठून कुठे सरकलो, यावरून ते दिशा ठरवतं. चालत असताना बाण बरोबर. थांबलात की अर्थहीन. आणि डबी शोधताना माणूस शेवटच्या दहा मीटरांतच थांबतो, वळतो, वाकतो. २०एक्स रंगीत आणि देखणं असलं तरी या जागी ईट्रेक्स १० इतकंच हतबल. हे न कळल्यामुळे 'माझं यंत्र वेडं झालंय' म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत.

यावरचा उपाय जुना आहे: साधं, तळाला पारदर्शक पट्टी असलेलं सुईचं होकायंत्र. डबी पंचवीस-तीस पावलांवर आली की थांबायचं. मिनिटभर यंत्र स्थिर धरून त्यावरचा दिशेचा अंश आणि अंतर वाचायचं. सुईच्या होकायंत्राने तो अंश धरून समोरचं एखादं झाड किंवा दगड हेरायचा. मग वळसा घालून साधारण काटकोनात दुसऱ्या बाजूला जायचं आणि तेच करायचं. जमलं तर तिसऱ्या बाजूनेही. या रेघा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे हात घालायचा. एका जागी उभं राहून नाचणाऱ्या बाणामागे धावण्यापेक्षा हे कितीतरी शांत काम आहे, आणि दहा वर्षांच्या मुलीला ते जादूसारखं वाटतं.

शेवटी ईट्रेक्स १० घेतलं. उरलेल्या रकमेत वर्षाचं सदस्यत्व, चार सेल, चार्जर, सुईचं होकायंत्र आणि यंत्र मनगटाला बांधायची दोरी आली. ठरलेल्या रकमेतून थोडे पैसे वाचलेही. मामांनी ते नातीला सापडलेल्या डब्यांत ठेवायच्या छोट्या वस्तूंसाठी बाजूला ठेवले.

त्यानंतर

पहिल्याच फेरीत दोन चुका झाल्या आणि दोन्ही मी आधी सांगायला हव्या होत्या.

सेल भरलेले असूनही यंत्र थोड्याच वेळात 'सेल संपत आले' म्हणू लागलं. पुन्हा भरता येणारे सेल १.२ व्होल्टचे, साधे १.५ चे. यंत्रात सेलचा प्रकार निवडायची जागा असते. ती साध्या सेलवर राहिली होती, म्हणून भरलेला सेलही त्याला अर्धा रिकामा वाटत होता. प्रकार बदलला, तक्रार संपली.

दुसरी चूक जास्त चकवणारी. सुईचं होकायंत्र आणि यंत्र यांची उत्तर दिशा जुळेना. यंत्र खऱ्या उत्तरेपासून अंश मोजत होतं, सुई चुंबकीय उत्तर दाखवत होती. या दोन उत्तरांमधला कोन जागेनुसार बदलतो. कुठे नगण्य, कुठे दहा अंशांहून जास्त. तीस मीटरवर दहा अंशांची चूक म्हणजे पाच मीटरहून अधिक बाजूला, नेमकं शेजारचं झुडूप. यंत्रात उत्तरेचा संदर्भ 'चुंबकीय' करून ठेवला की दोघं एकाच भाषेत बोलतात.

नकाशा नसण्याची किंमतही मोजावी लागली, ती लपवत नाही. दुसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी डबी साठ मीटरवर दाखवत होती आणि मधे भरून वाहणारा ओढा. पूल दोन किलोमीटर मागे राहिलेला. यंत्रातला बाण सरळ रेषेत दाखवतो, त्याला ओढा माहीत नाही. २०एक्समध्ये नकाशा घातलेला असता तर अर्ध्या तासापूर्वीच कळलं असतं. ती डबी त्या दिवशी राहिली, नात रडवेली झाली, आणि मला रात्री मामांचा फोन आला. "तुझं गणित बरोबर असेल रे," ते म्हणाले, "पण पोरीला काय सांगू?" मला उत्तर सुचलं नाही. त्यानंतर त्यांनी आदल्या रात्री लॅपटॉपवर नकाशा पाहून पूल, फाटे आणि गाडी लावायची जागा यंत्रात बिंदू म्हणून भरून ठेवायला सुरुवात केली. वीस मिनिटांचं काम आहे. ते ज्याला जमणार नाही, ज्याला आदल्या रात्री बसायचा कंटाळा आहे किंवा जो अनोळखी डोंगरात भटकतो, त्याने मात्र नकाशावाल्या यंत्रासाठी आणखी काही महिने पैसे साठवावेत असं आता मी सांगतो. मामांच्या जागी दुसरा कुणी असता तर माझा सल्ला वेगळा असता.

ते जुनं यंत्र आमच्या गटातल्या दुसऱ्याने घेतलं. एप्रिल २०१९ नंतर त्याची तारीख जवळजवळ वीस वर्षं मागे गेली. जागा मात्र ते बरोबर दाखवत राहिलं, आणि ज्याला चाललेल्या वाटांच्या नोंदींवरच्या तारखांशी देणंघेणं नाही, त्याचं काही अडलं नाही. तो त्यावर खूश आहे. २०१९ मध्येच २०एक्स आणि ३०एक्सच्या जागी २२एक्स आणि ३२एक्स आली, आणि २०२३ मध्ये ईट्रेक्स एसई. त्यामुळे आज हीच खरेदी करणाऱ्यासमोर नावं वेगळी असतील. इशारा यंत्रात वाचता येतो का, फाइल कुठून आणि किती पैशांत मिळणार, सेल बदलता येतात का, थांबल्यावर बाणाचं काय होतं, हे चार प्रश्न मी अजूनही त्याच क्रमाने विचारतो.

गेल्या खेपेस गेलो तेव्हा आजोबा-नात स्वतःची डबी लपवायच्या तयारीत होते. लपवणाऱ्याची चूक शोधणाऱ्यांच्या माथी पडते, हे माझ्या त्या कागदावरचं वाक्य मामांनी चांगलंच मनावर घेतलं होतं. ईट्रेक्समध्ये एकाच जागेचे अनेक नमुने घेऊन सरासरी काढायची सोय आहे. चार ते आठ नमुने घ्यावेत आणि दोन नमुन्यांमध्ये किमान नव्वद मिनिटं जाऊ द्यावीत, असं त्याच्या पुस्तिकेत लिहिलं आहे, कारण तेवढ्या वेळात डोक्यावरच्या उपग्रहांची मांडणी बदलते. दोघांनी तीन वेगवेगळ्या दिवशी जाऊन आठ नमुने घेतले. मग कळलं की जवळची दुसरी डबी १४० मीटरवर आहे, आणि त्या मोठ्या संकेतस्थळाच्या नियमाने किमान १६१ मीटर अंतर लागतं. नातीने यंत्र हातात घेतलं, दुसऱ्या डबीकडे पाठ केली आणि अंतराचा आकडा पाहत चालू लागली. १७० आल्यावर थांबली, आजूबाजूला पाहिलं आणि एका पोकळ बुंध्याकडे बोट दाखवलं.

"आजोबा, इथे," ती म्हणाली. "पण आता परत आठ वेळा यायला लागणार."

मामा वही काढून पहिला नमुना लिहायला लागले होते.